मी विझायला हवं होतं

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, तरी सांगतो. मी एक जुना निळा दिवा आहे, आणि माझ्या उमेदीच्या काळात मी चार हजार माणसांच्या अंगातलं विष उतरवलं आहे. कुणाला सुई टोचली नाही, कुणाला कडू औषध पाजलं नाही, अंगाला बोटसुद्धा लावलं नाही. नुसता त्यांच्याकडे टक लावून बघत राहिलो आणि विष उतरलं.

"अकराशे," कोपऱ्यातून आवाज आला.

हे आमचे काटेराव. बाळांचं वजन करायचा जुना काटा. वर ताट, खाली गोल तबकडी. ताटाच्या कडेला मोठा पोचा आहे. तो कसा पडला ते कधी सांगत नाहीत. आम्ही दोघं हॉस्पिटलच्या जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत राहतो. मी आधी आलो, ते पाच वर्षांनी आले. आणि आज सकाळी एक चाक निखळलेली खुर्चीबाई इथे ढकलली गेली. तिनेच मला विचारलं, "तुम्ही कोण हो?" म्हणून ही सगळी गोष्ट. नाहीतर मला स्वतःबद्दल बोलायला मुळीच आवडत नाही.

"हं," काटेराव म्हणाले.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. मला चार चाकं बसवली, एक दांडा बसवला, दांड्यावर पत्र्याचं छप्पर आणि छपराच्या पोटात सहा नळ्या. साऱ्या निळ्या. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा शेडमधला फोरमन डोळ्यांवर हात धरून मागे सरकला आणि म्हणाला, "अरे बापरे, हा तर आभाळ फाडून आणलाय!" तेव्हापासून माझं डोकं फिरलं ते कायमचं. सूर्य आजारी पडला की मला बदली म्हणून बोलवायचे, असं मी पुढे सगळ्यांना सांगत असे.

माझ्या कुशीला एक तासांचं मीटर होतं. मी किती वेळ जळलो ते त्यात उमटायचं, आणि नव्या नळ्या लावल्या की ते पुन्हा शून्यावर आणायचे. मीटरच्या शेजारी एक कागद डकवला होता: 'एक हजार तासांनंतर नळ्या बदलाव्यात.' मित्रांनो, तो कागद लक्षात ठेवा.

मला नवजात बाळांच्या वॉर्डात आणलं. लांबट खोली, हिरवट फरशी, एका भिंतीला तीन पाळणे, दुसऱ्या भिंतीला हात धुवायचं बेसिन. बेसिनचा नळ दिवसभर गळायचा. तिथे मला ठेवलं आणि माझं काम सुरू झालं. आता काम काय ते सांगतो, कारण बाळांच्या आयांनाही ते कधी नीट कळलं नाही. त्या नातेवाइकांना सांगायच्या, "बाळाला काचेत ठेवलंय." आज्या म्हणायच्या, "शेक देतायत." शेक! अहो, मी काय शेगडी आहे? माझ्या उबेचा काही उपयोग नव्हता. उपयोग रंगाचा होता.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी म्हाताऱ्या झाल्या की मोडतात. मोडल्या की त्यांच्यातून एक पिवळा रंग सुटतो. बिलिरुबिन म्हणतात त्याला. मोठ्या माणसाचं यकृत तो रंग गोळा करतं, पाण्यात विरघळेल असा बनवतं आणि बाहेर धाडतं. नवजात बाळाचं यकृत म्हणजे कामावर पहिल्याच दिवशी आलेला कारकून. बसायचं कुठे, फाईल ठेवायची कुठे, काही पत्ता नाही. रंग साचत जातो. आणि हा रंग तेलकट कढईसारखा. वरून कितीही पाणी ओता, हलत नाही. कातडीखालच्या चरबीला चिकटून बसतो, म्हणून बाळ पिवळं दिसतं. कावीळ ती हीच. बहुतेक बाळांची आपोआप जाते. पण काहींची चढत राहते, आणि फार चढली की तो रंग मेंदूत झिरपतो. तिथे एकदा मुरला की जगातला कुठलाच दिवा तो बाहेर काढू शकत नाही.

मी त्याला मेंदूच्या दाराशी पोहोचण्याआधी गाठायचो. निळा उजेड बाळाच्या पातळ कातडीतून आत उतरतो. त्या पिवळ्या कणाची मूठ घट्ट मिटलेली असते. निळा किरण लागला की कण वळतो, मूठ उघडते, आणि उघडी मूठ पाण्याचा हात धरते. मग पाणी त्याला घेऊन जातं, थोडं लघवीतून, बरंचसं पित्तातून आतड्यात, आणि तिथून बाहेर. माझ्याखाली ठेवलेल्या बाळाची शी हिरवट झाली की वॉर्डातल्या मावशी नाक मुरडायच्या आणि माझी छाती फुगायची. ती माझी सही असायची!

"ही चव तेवढी खरी," काटेराव म्हणाले.

"चव?" खुर्चीबाई दचकल्या.

"गोष्टीची हो, बाई."

पहिली दोन वर्षं माझा थाट राजाचा होता. बाळाचे डोळे पट्टीने झाकायचे, अंगावर फक्त लंगोट, आणि मी वर दीड वितीवर. मोठ्या सिस्टर माझ्यावर खूश होत्या. त्या वॉर्डाच्या प्रमुख. बावीस वर्षं याच खोलीत. त्यांचा अंगठा प्रसिद्ध होता. बाळाच्या कपाळावर अंगठा दाबायच्या, उचलायच्या, दाबलेल्या जागेचा रंग बघायच्या आणि आकडा सांगायच्या. "चौदा असेल." लॅबचा कागद यायचा: चौदा पूर्णांक दोन. नव्या मुली तोंडात बोट घालायच्या. त्या मुलींना सिस्टर एक गोष्ट मात्र बजावून सांगायच्या, "दिव्याखालच्या बाळाचा रंग बघायचा नाही गं. उजेड वरची कातडी आधी धुतो. आतलं तसंच राहतं. तिथे फक्त रक्त."

एकदा माझ्याखालून निघालेलं बाळ इतकं उजळ झालं की त्याची आई त्याला ओळखेना, शेजारच्या पाळण्यातलं घेऊन निघाली.

"पन्नास ग्रॅम खरं, बाकी हवा," काटेराव म्हणाले. "चष्मा घरी विसरली होती ती."

असो. मग माझे वाईट दिवस आले, आणि ते कौतुकाच्या वेषात आले. म्हणून मला ओळखू आले नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या नळीत आधी निळं मरतं आणि उजेड नंतर. हजार तास झाले की नळी पेटते तशीच, झगमगते तशीच, पण तिच्यातलं औषध संपलेलं असतं. माणसाच्या डोळ्याला त्यातलं काही कळत नाही. म्हणून तर तो कागद होता. पण एका घरी जाणाऱ्या बाळाच्या दादाने, चार वर्षांचं पोर ते, खुशीत येऊन माझ्या कुशीला एक स्टिकर चिकटवला. हसरा सूर्य. नेमका त्या कागदावर. मावशी म्हणाल्या, "राहू दे, छान दिसतो." मलाही छान वाटला. अहो, सूर्याने स्वतः येऊन मला पदक दिल्यासारखं!

त्या वेळी मीटर नऊशेवर होतं. नंतर ते हजारावर गेलं, दीड हजारावर गेलं, आणि कुणी विचारलं नाही. कारण मी पेटत होतो.

मग दोन नळ्या खरोखरच गेल्या. वायरमनला बोलावलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "हे बघा, या निळ्याने माझ्या मुलींचं डोकं धरतं. मळमळतं. बाळ निळं पडलं तरी कळायचं नाही. काहीतरी करा."

वायरमन शिडीवरून म्हणाला, "निळ्या स्टॉकमध्ये नाहीतच. पांढऱ्या टाकू का? घरात असतात त्याच. उजेड दुप्पट पडेल बघा."

"चालतात का पण?"

"अहो सिस्टर, उजेड तो उजेड! पेटल्याशी मतलब."

त्याने दोन पांढऱ्या लावल्या. मग म्हणाला, आता बेढब दिसतं, म्हणून आणखी दोन लावल्या. चार पांढऱ्या, दोन निळ्या, आणि त्या दोन निळ्याही दमलेल्या. बटण दाबलं. खोली लख्ख झाली. मावशींनी टाळ्या वाजवल्या. "काय चकाचक झालाय! नवा आणल्यासारखा!"

पांढऱ्या उजेडात निळं असतं, नाही असं नाही. पण ते चिमूटभर. मला आतून ठाऊक होतं. जेवणाऱ्याला जसं पहिल्याच घासाला कळतं की आमटीत मीठ नाही, तसं. मी एकच गोष्ट करू शकत होतो. विझायचं. दिवा विझला की धावपळ होते, वायरमन येतो, डॉक्टर ओरडतात, दुसरा दिवा मागवतात. पण त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघून हसत होते, मित्रांनो. मी विझलो नाही.

काटेरावांनी यातून एक ग्रॅमही वजा केला नाही. वजन बरोबर होतं.

पुढच्याच आठवड्यात ती आली. मुलगी. दोन किलो सहाशे.

"दोन किलो सहाशे वीस," काटेराव हळूच म्हणाले.

दोन किलो सहाशे वीस. तिची आई तिला 'माऊ' म्हणायची. जन्मल्यापासून तिसऱ्या दिवशी माऊ पिवळी झाली. मॅडमनी, म्हणजे मुलांच्या डॉक्टरांनी, रक्त पाठवलं. आकडा सोळा. "दिव्याखाली ठेवा. उद्या सकाळी परत रक्त काढा," असं सांगून मॅडम दोन दिवसांसाठी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेल्या. दर आठवड्याला जायच्या तशाच.

माऊला माझ्याखाली ठेवलं. मी पेटलो. माझ्याकडे होतं ते सगळं दिलं, शपथेवर सांगतो. पण नसलेलं कुठून देणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबची मुलगी सुई घेऊन आली. माऊची आजी पाळण्यापाशी उभी होती. तिने नातीचा पाय स्वतःच्या मुठीत धरला.

"पुन्हा? कालच तर टाच फोडलीत. एवढ्याशा जिवाला किती टोचाल?"

"आजी, तपासणी आहे ती."

"अगं, पण रंग तर बघ! किती उतरलाय. काल हळदीसारखी होती. सिस्टर, तुम्हीच सांगा ना."

मोठ्या सिस्टर आल्या. आजीचे डोळे भरलेले होते. सिस्टरनी माऊच्या कपाळावर अंगठा दाबला, उचलला, बघितलं. माझ्या चार पांढऱ्या नळ्यांखाली ते कपाळ स्वच्छ दिसत होतं. मावळत चाललेल्या औषधानेही वरवरचं धुतलं होतं, आणि पांढऱ्या उजेडाने उरलेलं लपवलं होतं.

"अकरा-बारा असेल," सिस्टर म्हणाल्या. "उतरतंय. उद्या मॅडम आल्यावर काढू रक्त. राहू दे आज."

आजीने त्यांचे हात धरले. "देव भेटलात बघा."

मित्रांनो, त्या बाई वाईट नव्हत्या. दयेपोटी त्यांनी एक सुई टाळली. मुलींना शिकवलेलं स्वतःच विसरल्या, कारण बावीस वर्षांत त्यांचा अंगठा कधी चुकला नव्हता.

दुपारी आई दूध पाजायला आली. तिने माऊच्या डोळ्यांवरची पट्टी काढली आणि हात थांबला.

"मावशी, जरा इकडे या हो. हे बघा. पट्टीखाली केवढी पिवळी आहे."

"तिथे उजेड नाही ना पोचत बाळा, म्हणून," मावशी म्हणाल्या. "झाकलेली जागा ती."

"पण काल एवढी नव्हती. झाकलेल्या जागीसुद्धा नव्हती."

"तू नको फार बघत बसू. पहिलटकरीण आहेस, सगळंच मोठं दिसतं."

"आणि ओढतच नाही ही दूध. तोंडात धरते आणि झोपते."

"गुणाची आहे गं. रात्रभर हूं की चूं नाही. नाहीतर ती बघ पलीकडची, वॉर्ड डोक्यावर घेते."

मग मावशींनी माऊला तेव्हा आमच्याच वॉर्डात असलेल्या काटेरावांच्या ताटात ठेवलं. किती होतं हो?

"दोन किलो दोनशे ऐंशी," काटेराव म्हणाले. "मी काटा तिथेच धरून ठेवला होता. थरथरलोही नाही, म्हणजे नीट दिसावं. मावशींनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, 'पहिल्या आठवड्यात उतरतंच.' उतरतं. पण इतकं नाही."

खुर्चीबाई म्हणाल्या, "मग? बोललं का कुणी?"

आई बोलली. दिवसभरात चार जणांपाशी बोलली. चौघांनी तिला तेच सांगितलं: रंग बघ.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. त्या दारातून आत शिरत होत्या तेवढ्यात माऊ रडली. तसं रडणं मी अकराशे बाळांत ऐकलं नव्हतं. पातळ, उंच, चिरत जाणारं. मॅडमनी हातातली पर्स तिथेच खाली टाकली. माझ्यापाशी येऊन त्यांनी आधी मला ढकलून बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी असं ढकललं. खिडकीच्या उजेडात त्यांनी माऊला धरलं. माऊची पाठ मागे कमानीसारखी ताणली गेली होती.

"कालचं रक्त कुठंय?"

मावशींनी मोठ्या सिस्टरकडे बघितलं.

"सिस्टर, कालचा आकडा?"

"काढलं नाही, मॅडम. रंग उतरला होता."

"दिव्याखालचा रंग?" मॅडमचा आवाज इतका हळू झाला की नळाचं टपटप ऐकू येऊ लागलं. "हे तुम्हीच नव्या मुलींना शिकवता ना?"

मोठ्या सिस्टर स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

रक्त गेलं, अर्ध्या तासात कागद आला. बत्तीस. मॅडमनी मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. "रक्त बदलावं लागेल, सगळं. आत्ता निघतायत." मग आईकडे वळल्या. त्यांनी गोड बोलून काही लपवलं नाही. "जीव वाचवायचा प्रयत्न तिथले डॉक्टर करतील. पण ते पिवळं मेंदूपर्यंत गेलेलं असू शकतं. गेलं असेल तर कधी मान धरत नाही, कधी हात ऐकत नाहीत. आणि बऱ्याचदा सगळ्यांत आधी कान जातात."

आईने फक्त एवढंच म्हटलं, "मी सांगत होते." कुणावर ओरडली नाही. माऊला छातीशी धरून निघाली. एक चप्पल माझ्या चाकाशी राहिली. ती दोन दिवस तिथेच होती. कुणाच्याने उचलवेना.

त्यानंतर मॅडम एक छोटं यंत्र घेऊन आल्या. ते माझ्याखाली धरलं की माझ्यात निळं किती ते कळायचं. त्यांनी आकडा वाचला, पुन्हा धरलं, पुन्हा वाचला. मग नखाने तो हसरा सूर्य खरवडून काढला. खालचा कागद दिसला. मीटरही दिसलं. दोन हजार सातशे. त्यांनी वायर भिंतीतून उपटली. त्याच दुपारी मी या जिन्याखाली आलो.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. दिवा पेटतो का, असं विचारून थांबू नका. त्याच्या आत औषध उरलंय का ते मोजा. कागदावर स्टिकर चिकटवू नका, मग तो कितीही हसरा असो. उजेडाखालच्या बाळाचा रंग बघू नका, रक्त बघा. त्याला टोचताना तुमचा जीव कळवळला तरी बघा. आणि आई चार वेळा एकच गोष्ट सांगत असेल, तर पाचव्यांदा सांगायची वेळ तिच्यावर आणू नका. मी विझलो असतो तर त्यांनी मला दुरुस्त केलं असतं. मी पेटत राहिलो, म्हणून कुणी बघितलं नाही.

"आणि ती?" खुर्चीबाईंनी विचारलं. "माऊ?"

वाचली! रक्त बदललं, आठ दिवस तिथे ठेवलं आणि वाचली. हे अगदी खरं आहे.

"खरं आहे," काटेराव म्हणाले.

आणि आता जे सांगतो ते मी काटेरावांनाही कधी सांगितलेलं नाही. पाच वर्षांनी ती या हॉस्पिटलात आली. तिला धाकटा भाऊ झाला होता, त्याला लस टोचायला आई घेऊन आली होती. या खोलीचं दार त्या दिवशी जरासं उघडं होतं. माऊ जिन्यावरून टणाटण उड्या मारत खाली आली. दोन वेण्या, लाल रिबिनी. मी तिला ओळखलं. माझी वायर तुटलेली, भिंतीत बटण नाही, तरी माझ्या पोटातला चोक आपोआप गुणगुणायला लागला. गुंऽऽ. अगदी बारीक. ती थबकली. मान वळवली. दाराच्या फटीतून आत बघून हसली आणि वर बघून ओरडली, "आई, इथे कुणीतरी गातंय!"

मग काटेराव बोलले.

"खोटं."

"किती ग्रॅम, काटेराव?" मी हसत विचारलं.

"ग्रॅम नाही. सगळंच." त्यांची तबकडी माझ्याकडे वळलेली होती. "ती इथे खाली आलीच नाही. वर आली होती, लसीच्या खोलीत. मला तोवर तिथे हलवलं होतं. धाकट्याला माझ्यावर ठेवायच्या आधी सिस्टर ताट पुसत होत्या, ते त्यांच्या हातून सुटलं आणि फरशीवर आपटलं. हा पोचा तेव्हाचा. रांगेतली सगळीच्या सगळी बाळं दचकली आणि रडायला लागली. बाहेर बाकावरचा म्हातारासुद्धा उठून उभा राहिला. आईने तर कानांवर हात घेतले. माऊ माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, माझ्याकडे पाठ करून. खिडकीच्या गजावरचा रंग नखाने खरवडत होती. तशीच खरवडत राहिली."